ज्याच्या दारावर जाता येत नाही

पत्र : ताई, नमस्कार. मी शिरपूर तालुक्यातला, तापीकाठच्या गावचा. वय ४४. थोडी शेती आणि खतं-बियाण्यांचं दुकान. लिहिताना संकोच होतोय, कारण हे ऐकून लोक हसतात. २०२२ साली लताबाई गेल्या, महिन्याभरात शेन वॉर्न गेला, मे संपता संपता गायक केके गेला. तिन्ही वेळा मी रडलो. वडील लताबाईंचे भक्त. रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की हातातलं काम थांबवायचे. शारजात सचिनने वॉर्नला धुतलं त्या रात्री वडील गल्लीत नाचले होते. आणि केके म्हणजे माझं धुळ्याच्या पॉलिटेक्निकचं होस्टेल. वॉर्न गेला त्या रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसलो होतो. चुलते आले नि म्हणाले, "बाप गया तवय डोयामा पानी नही उनं, आन या गोरासाठे रडस?" ते अजून छातीत रुतलेलं आहे, कारण खरं आहे. वडील एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात गेले आणि मी रडलो नव्हतो. आता कुणी गायक-खेळाडू गेला की रात्री दोनपर्यंत फोनवर त्याचेच व्हिडिओ बघतो, छातीत धडधडतं. झाकीर हुसेन गेले तेव्हाही तेच झालं. पण पत्राचं खरं कारण पुढेच आहे. जुलै २०२५ मध्ये लिव्हरपूलचा फुटबॉलपटू डिओगो जोटा अपघातात गेला. माझा १५ वर्षांचा मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. मी त्याला म्हटलं, "कोण तो? तुझा काय लागतो?" तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. माझं काही बिघडलंय का? आणि मुलाला काय सांगू?

उत्तर :

भाऊ,

तुमचं पत्र वाचताना मी तारखांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. वडील एप्रिल २०२१. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२. वॉर्न ४ मार्च. केके ३१ मे. पहिले दोघे गेले तेव्हा तुमच्या घरात वडिलांचं वर्षश्राद्धसुद्धा झालेलं नव्हतं.

चुलत्यांना ही रांग दिसली नसेल. त्यांना दिसला तो अर्ध्या शटरमागे रडणारा पुतण्या. ते स्वतःही त्या एप्रिलात भाऊ गमावून बसलेले आहेत, म्हणून त्यांच्यावर मी राग धरणार नाही. पण त्यांचं वाक्य चूक आहे, आणि का चूक आहे ते मला जरा सावकाश सांगू द्या.

आपल्या खान्देशात माणूस गेला की लोक दारावर येतात. तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. बायका गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढतात, उंबऱ्यात गळ्यात गळा पडतो. पुरुष मंडळी ओट्यावरच्या सतरंजीवर येऊन बसतात, थोडा वेळ कुणी काही बोलत नाही, मग एखादा म्हातारा हळूच विचारतो, "कसं जयं?" म्हणजे कसं झालं. आणि घरातला माणूस सांगायला लागतो. पहाटे उठले, पाणी मागितलं, घाम आला, गाडी काढेपर्यंत... सगळं पहिल्यापासून. ते लोक उठतात, दुसऱ्या गावचे येतात. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा पहाटेपासून सुरुवात. लहानपणी मला याचा फार राग यायचा. ज्याचं माणूस गेलंय त्याला तेच तेच कशाला विचारता, असं वाटायचं. माझे वडील गेले तेव्हा कळलं. पहिल्या दिवशी 'पाणी मागितलं' इथेच माझा आवाज फुटत होता. सातव्या-आठव्या दिवशी मी ती हकीकत शेवटपर्यंत सांगू शकले. गंधमुक्तीला कपाळाला गंध लागलं तोवर ती सांगून सांगून थोडी माझ्या ताब्यात आली होती.

एप्रिल २०२१ मध्ये हे सगळं बंद होतं. दवाखान्यात आत जाता येत नव्हतं, स्मशानात मोजकी माणसं, तोंड नीट बघायला मिळालं नाही, आणि दारावर येणार कोण? ज्याच्या घरात कोरोना झाला त्या गल्लीतून लोक जात नव्हते. तुम्हाला कुणी "कसं जयं?" विचारलंच नाही, भाऊ. पत्रातही तुम्ही वडिलांच्या जाण्याला एक ओळ दिली आहे, आणि ती ओळसुद्धा चुलत्यांना कबुली दिल्यासारखी. न रडणं हा तुमचा दगडपणा नव्हता. रडायला जे घर लागतं, जी सतरंजी लागते, ती त्या वर्षी कुणालाच मिळाली नाही.

आता दुसरी बाजू. अशा वेळी शहाणी माणसं म्हणतात, "तू वॉर्नसाठी नाही, वडिलांसाठी रडत होतास." मी तसं म्हणणार नाही. ते अर्धंच खरं आहे, आणि वॉर्नवर अन्याय करणारं आहे. तुम्ही वॉर्नसाठीही रडलात.

एप्रिल १९९८ आठवून बघा. तुम्ही १७ वर्षांचे. २२ तारखेला वाळूच्या वादळात सचिनच्या १४३, आणि दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात, त्याच्या वाढदिवशी, १३४. आपल्याकडे उन्हाळ्याची काहिली, रात्री लोक गच्चीवर नाहीतर अंगणात. त्या रात्री जे घडलं त्याला समोर वॉर्न होता म्हणून किंमत आली. ज्याला मारला तो लेचापेचा असता तर तुमचे वडील गल्लीत नाचले असते का? आपण त्याला शिव्या देत मोठे झालो, आणि चेंडू त्याच्या हातातून सुटला की श्वासही धरला. कसोटीतले त्याचे ७०८ बळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घेतलेले आहेत. मग २००८ साली पहिल्याच आयपीएलमध्ये, ज्यांना कुणी मोजत नव्हतं त्या राजस्थानच्या पोरांना घेऊन तो जिंकला आणि आपला वैरी बघता बघता आपलाच झाला. तो गेला त्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलियाचे जुने यष्टिरक्षक रॉड मार्श गेले होते. वॉर्नने त्यांना श्रद्धांजली लिहिली, आणि काही तासांनी थायलंडमध्ये तो स्वतःच गेला. ५२ वर्षांचा. मोहालीत त्याच दिवशी विराटची शंभरावी कसोटी सुरू झाली होती, म्हणजे घराघरात क्रिकेटच चालू होतं. अशा संध्याकाळी ती बातमी आली आणि तुम्ही रडलात, यात समजावून सांगण्यासारखं काही उरतच नाही.

लताबाईंचं तर आपल्याला वेगळंच. त्यांच्या आईचं, माई मंगेशकरांचं, माहेर थाळनेर. तुमच्याच तालुक्यात, तुमच्याच तापीच्या काठी. त्या नात्याने लताबाई खान्देशच्या भाची. ६ फेब्रुवारी २०२२ हा रविवार होता, आदल्या दिवशी वसंतपंचमी झालेली. आमच्या अमळनेरच्या गल्लीत दुपारी भजनी मंडळाच्या बायका कुणी न बोलावता एका ओट्यावर जमल्या. कुणाच्या तरी मोबाइलवर शिवाजी पार्कची तयारी दिसत होती. ऐंशीच्या घरातली एक आजी म्हणाली, "आपली भाची गई." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी विचारलं नाही की तुझी कशी भाची. तिथे आम्ही दोन तास बसलो, गाणी म्हटली, चुकलो तिथे हसलो, आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागलो. त्याच दिवशी अहमदाबादला भारताचा हजारावा एकदिवसीय सामना होता आणि खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून उतरले होते. क्रिकेटवाल्यांना जुनं देणं लक्षात होतं. १९८३ चा विश्वचषक जिंकून संघ परतला तेव्हा क्रिकेट मंडळाकडे बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला १ लाख रुपये मिळाले.

तुम्ही मात्र त्या दिवशी एकटे होता. तिन्ही वेळेला एकटेच होता. माझं बोट इथे अडकतं. वॉर्नचं दार मेलबर्नला, जोटाचं पोर्तुगालात. ज्याच्या दारावर जाता येत नाही त्याच्यासाठी आलेलं रडू ठेवायचं कुठे? केनेथ डोका नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये याच प्रकारच्या शोकावर लिहिलं: ज्याला समाज मान्यता देत नाही, ज्यासाठी रजा नाही, सुतक नाही, भेटायला येणारं कुणी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर, ज्या दुःखाला दार नाही ते.

माझ्या थोरल्या भावाला एकदा असं दार सापडलं होतं. तो भुसावळला रेल्वेत होता आणि किशोरकुमारवर त्याचा जीव. १३ ऑक्टोबर १९८७ ला किशोरदा मुंबईत गेले, ५८ व्या वर्षी. अंत्यसंस्कार मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे जन्मगावी, खांडव्याला होणार होते. खांडवा म्हणजे भुसावळच्या माणसाला शेजारचं गाव. भाऊ मिळेल त्या गाडीने उभ्याने गेला. गर्दीत त्याला लांबूनच काय ते दिसलं. पण परत आला तो शांत. वहिनीने विचारलं, त्याने सगळं सांगितलं: किती लोक होते, कोण कसं रडत होतं, कुणी गाणं सुरू केलं. जेवला आणि झोपला. त्याच्या सात वर्षं आधी रफीसाहेब गेले होते, ३१ जुलै १९८०, तेव्हा हाच माणूस कितीतरी दिवस घुम्यासारखा फिरत होता. दोघांवर प्रेम सारखंच होतं. फरक एवढाच की खांडव्याला त्याला जाता आलं आणि परत येऊन कुणाला तरी सांगता आलं.

तुमच्या हातात फोन आहे, आणि तुम्हाला वाटतं तेच दार आहे. रात्री दोनला तिथे लाखो लोक रडताना दिसतात खरे, पण त्यातला एकही तुम्हाला विचारत नाही. एक व्हिडिओ संपला की दुसरा, त्याच्याखाली तेच रडकं संगीत, आणि तुम्ही बोललात मात्र कुणाशीच नाही. शिवाय तिथे धीर नाही. झाकीरभाईंच्या वेळी काय झालं आठवतं ना? १५ डिसेंबर २०२४, रविवारची रात्र. आधी गेल्याची बातमी, मग घरच्यांनी सांगितलं की अजून श्वास चालू आहे, आणि सोमवारी खरोखरच गेल्याचं कळलं. ज्यांचा 'धा' ऐकून आपण मान हलवायला शिकलो त्या माणसाला लोकांनी एका रात्रीत दोनदा मारलं. लताबाई दवाखान्यात होत्या तेव्हाही अशाच अफवा उठल्या आणि घरच्यांना विनवण्या कराव्या लागल्या. मी एक नियम केला आहे, तुम्हीही करून बघा. रात्री जेवणानंतर अशी कुठलीही बातमी आली तर ती उघडायची नाही. सकाळच्या वर्तमानपत्रात असेल तर आहे. जो गेला आहे तो सकाळीही गेलेलाच असतो, आणि जो गेलेला नाही त्याला रात्री उगाच मारण्याचं पाप आपल्या हातून होत नाही. गाणं ऐकायचं तर दिवसा, मोठ्याने, दुकानात लावून ऐका.

आणि त्या धडधडीबद्दल. ती भीती आहे असं मला वाटतं. वॉर्न ५२, केके ५३, दोघंही शेवटच्या दिवसापर्यंत हिंडतेफिरते. केके तर कोलकात्यात भरल्या सभागृहात गाऊन हॉटेलवर परतला होता. तुम्ही ४४. मनात हिशेब होणारच. पण 'मला वाटतं' यावर छाती सोडून चालत नाही. या आठवड्यात दवाखान्यात जा, रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्या, डॉक्टरांना धडधडीचं आणि तुटलेल्या झोपेचं स्पष्ट सांगा. आपल्याकडे छातीत दुखलं की 'गॅस झाला' म्हणून सोडा पिऊन पडून राहणारे फार. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, दम लागणं यातलं काहीही झालं तर वाट न बघता १०८ ला फोन करायचा. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी अचानक गेले तेव्हा बंगळुरूत हृदय तपासून घ्यायला रांगा लागल्या, आणि त्यांनी वडिलांसारखेच डोळे दान केले म्हणून नेत्रदानाचे अर्ज भरायलाही लोक आले. त्या दोन्ही रांगांतल्या माणसांचा मला आदर वाटतो. झोप महिनोन्‌महिने लागत नसेल, किंवा जगण्यातच राम वाटत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. तिथे "वॉर्न गेला तेव्हापासून" अशी सुरुवात केलीत तरी कुणी हसणार नाही.

वडिलांसाठी एक करा. चुलत्यांकडे जा. वाद घालायला नको, त्या वाक्याचा जाबही नको. ओट्यावर बसा आणि त्यांना त्या एप्रिलबद्दल विचारा, आणि तुमच्या बाजूचं पहिल्यापासून सांगा: ताप कधी आला, बेड कुठे मिळाला, शेवटचं बोलणं काय झालं. उशीर झालाय म्हणून काही बिघडत नाही. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भराल, वर डांगर आणि सांजोरी ठेवाल, अग्नीत आगारी टाकाल, तेव्हा त्या वर्षी जे येऊ शकले नाहीत त्यांना जेवायला बोलवा. वडिलांचा रेडिओ घरात असेल तर तो बाहेर काढा. घागर वॉर्नच्या नावाची भरायची नाही, ती पितरांची आहे. पण रस वाढताना शारजाची रात्र निघाली तर निघू द्या. तुमच्या वडिलांची गोष्ट वॉर्नशिवाय पुरी होत नाही.

केकेसाठी होस्टेलच्या मित्रांना फोन करा. त्याचा पहिला अल्बम १९९९ चा, तुम्ही ऐन पॉलिटेक्निकमध्ये. आपल्याकडच्या कुठल्या कॉलेजचा निरोप समारंभ त्यातल्या 'पल' आणि 'यारों' या दोन गाण्यांवाचून झाला? त्या खोलीतले चौघे कुठे आहेत आज? कुणी सुरतेला असेल, कुणी पुण्याला. ग्रुपवर फोटो टाकून भागणार नाही. धुळ्यात भेटा, शेवभाजी खा आणि बोला.

आता मुलगा. हे शेवटी ठेवलं कारण तुम्ही वरचं सगळं वाचल्याशिवाय हे करू नये असं मला वाटत होतं.

तुम्ही त्याला जे म्हणालात ते शब्दाशब्दाने चुलत्यांचं वाक्य होतं, फक्त मराठीत. ते तुम्हालाच ओळखू आलं म्हणून तर पत्र लिहिलंत. त्याची माफी मागा. "तेव्हा मी चुकलो" एवढंच, आणि त्याला लगेच 'पण' जोडू नका. पोरांना 'पण'च्या पुढचंच ऐकू येतं. मग वॉर्न गेला त्या रात्रीचं, अर्ध्या शटरचं त्याला सांगा. बापही असा रडतो हे त्याला माहीत नाही.

त्याच्या दुःखाला लहान समजू नका. जोटा २८ वर्षांचा होता. २२ जून २०२५ ला त्याचं लग्न झालं आणि ३ जुलैला स्पेनमध्ये गाडीच्या अपघातात तो गेला, सोबत धाकटा भाऊही, तोही फुटबॉलपटूच. मागे तीन लहान मुलं. त्याच हंगामात त्याच्या संघाने इंग्लंडची लीग जिंकलेली, पोर्तुगालने नेशन्स लीग जिंकलेली. सगळं हाताशी आलेला माणूस अकरा दिवसांत नाहीसा होतो, हे पंधराव्या वर्षी पहिल्यांदा कळतं तेव्हा घास उतरत नाही. लिव्हरपूलचे लोक अॅनफिल्ड मैदानाच्या दारावर गेले, फुलं नि शर्ट ठेवून आले. क्लबने त्याचा २० नंबर कायमचा बाजूला ठेवला, तो आता कुणी घालणार नाही. सामन्याच्या २० व्या मिनिटाला प्रेक्षक त्याचं गाणं म्हणू लागले. शिरपूर तालुक्यातलं तुमचं पोर मात्र कुठे जाणार होतं? ते तुमच्या दारात बसलं होतं.

त्याचं चार-दोन दिवस नीट न जेवणं, गप्प राहणं यात घाबरण्यासारखं काही नाही. आठवडे गेले तरी शाळेत मन नाही, मित्र तोडलेत, मरणाच्या गोष्टी करतो, असं असेल तरच डॉक्टर आणि १४४१६. तुमच्या पत्रावरून तरी तो जोटावर कमी आणि तुमच्यावर जास्त रुसलेला दिसतो.

एखाद्या रविवारी त्याला गाडीवर मागे बसवून थाळनेरला न्या. किल्ल्याचे अवशेष आहेत, फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, खाली तापी आहे. लताबाईंच्या आजोळचं हे गाव असं आजोबा सांगायचे का, ते त्याला सांगा. पण आधी, आजच, तो शाळेतून आला की त्याच्या खाटेवर जाऊन बसा. थोडा वेळ काही बोलू नका. मग दारावर आलेला माणूस विचारतो तसं हळूच विचारा, "कसं जयं रे?" आणि तो पहिल्यापासून सांगायला लागला की मध्ये बोलू नका.

तुमची
ताई